दिपमालाचा राहिलेला डाव

डब्यात कवड्या खळ्ळकन वाजल्या, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आम्ही तिघी बराच वेळ काही बोललेलोच नाही.

चैतूनं डबा हलवला होता. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला पोचा पडलेला. पाच वर्षांची पोर ओसरीच्या उंबऱ्यात बसून तो कानाशी धरून हलवत होती, आत कुणी आहे का ऐकावं तसा. मग आमच्याकडे बघून म्हणाली, "खेळत कामून नही तुम्ही? आजी म्हने, आखाजीले तुम्ही खेळता."

सुलक्षणानं पदरानं तोंड पुसलं. घाम पुसल्यासारखं केलं, पण घाम नव्हता तो. शाझिया पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. मी झोळीची दोरी ओढली. झोळीत माझं आठ महिन्यांचं बाळ झोपलं होतं. अक्कांनी सकाळीच ओसरीच्या आढ्याला साडी बांधून ठेवली होती त्याच्यासाठी. दोरीचं टोक मी पायाच्या अंगठ्याला बांधून घेतलं होतं, हात मोकळे राहावेत म्हणून. हात मोकळे राहून करायचं काय होतं, तेवढं मात्र ठाऊक नव्हतं.

दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही चौघी पहूरला येतो. मी धुळ्याहून, सुलक्षणा शिंदखेड्याकडून, शाझिया जळगावहून, दिपमाला नरडाण्याहून. चौघींचं माहेर एकाच गल्लीत. लग्नं झाली तरी आखाजीचं येणं सुटलं नाही. शाझियाच्या घरी आखाजी नसते, तरी ती येते. नूरबी चाची तिला दरवर्षी चिडवतात, "आईसाठी येतेस की सांजोऱ्यांसाठी?" आणि ती म्हणते, "अम्मी, तुझ्यासाठी ईदला येते ना. आखाजी माझी आहे." संध्याकाळ झाली की चौघी दिपमालाच्या ओसरीवर. बाहेर गल्लीत माणसं पत्त्यांना बसलेली, कडुलिंबाला झोका बांधलेला, आणि आत आमचा अष्टाचंग.

यंदा आम्ही तिघीच होतो. दिपमाला, चैतूची आई, श्रावणात गेली. ताप आला, सात दिवस राहिला, आठव्या दिवशी ती राहिली नाही. मला नववा लागत होता. पोटुशीनं मयताला जायचं नसतं, म्हणून मला धुळ्यातून हलू दिलं नाही. मग बाळंतपण, मग बाळाचं दुखणंखुपणं, मग हे, मग ते. खरं सांगायचं तर अक्कांसमोर यायची मला भीती वाटत होती. अक्का म्हणजे शेवंताबाई, दिपमालाची आई. आज आठ महिन्यांनी पहिल्यांदा त्यांच्या उंबऱ्याशी आले, तेव्हा त्यांनी बाळाला माझ्या हातून घेतलं, त्याच्या टाळूचा वास घेतला, आणि म्हणाल्या, "दूध पुरते का व तुले?"

ओसरीच्या कोपऱ्यात घागर भरून ठेवलेली होती. नवी कोरी घागर, तिच्या तोंडावर छोटं मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, दोन आंबे, दोन सांजोऱ्या. गळ्याभोवती कच्चं सूत. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी ठेवायचं, ते पाणी प्यायला ते माणूस येतं म्हणतात. ही दिपमालाची पहिली घागर.

"अक्का," सुलक्षणानं हळूच विचारलं होतं, "घागर तर सासरी भरतात ना?"

"सासरी भरली आसंन त्याहीनं. मी नही कुठी म्हनत?" अक्का म्हणाल्या. "पन आखाजीले लेक माहेरी येते. मंग पानी प्याले सासरी कामून जाईन ती?"

त्यानंतरच ती शांतता पसरली होती.

डबा वाजल्यावर अक्का आतून आल्या. घागरीखालचा पाट त्यांनी काढला होता, घागर जमिनीवर धान्याच्या राशीवर टेकवली होती. पाट पदरानं पुसला आणि आमच्या मध्ये पालथा टाकला. पाटाच्या पाठीवर पाच आडव्या, पाच उभ्या रांगांची पंचवीस घरं. दहावीच्या सुट्टीत दिपमालानं खिळा तापवून कोरली होती. नाना, तिचे वडील, रागावले होते तेव्हा, सागाचा पाट वाया घालवला म्हणून. नंतर त्यांनीच कानस मारून दिली, आमच्या हातांना कुसळं लागू नयेत म्हणून.

"बसा," अक्का म्हणाल्या.

"अक्का, नको," शाझिया म्हणाली. "तिच्याशिवाय कसं..."

"तिच्यासाठीच म्हनते मी." अक्कांनी कमरेची पिशवी सोडली आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक कपटा काढला. उलगडून पाटावर ठेवला.

मी तो लांबूनच ओळखला. अक्षर माझंच होतं.

कॅलेंडरचं पान, मे महिन्याचं. मागच्या कोऱ्या बाजूवर मी पंचवीस घरं काढली होती आणि प्रत्येकीची सोंगटी कुठे आहे ते मांडलं होतं. ही आमची जुनी रीत. लग्न झाल्यापासून एकही शेवटचा डाव पुरा होत नसे. कुणाचा नवरा गाडी घेऊन येई, कुणाचं पोर रडे, कुणाची बस असे. म्हणून प्रत्येकीची एकच सोंगटी ठेवायची असं ठरवलं, तरी पुरेना. मग राहिलेला डाव कागदावर उतरवायचा आणि पुढच्या आखाजीला तिथून पुढे खेळायचा. कागद कुणी सांभाळायचा? जी मागे असेल तिनं. दिपमाला नेहमीच मागे असायची.

"तिच्या पर्समधी सापडला," अक्का म्हणाल्या. "पैसे ठेवते ना मानूस, त्या कप्प्यात. घडी करून."

सुलक्षणा कागदावर वाकली. "दिपमाला, हिरवी काच, दारापासून पाच घरं मागे. तोड नाही." तिनं वाचलं.

अष्टाचंग ज्यांनी खेळला नाही त्यांना सांगायला हवं. चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं पुढे. चारही उताण्या म्हणजे चंग, चारही पालथ्या म्हणजे अष्टा, आठ घरं. बाहेरच्या घरांतून एक फेरी मारायची, मग दारातून आत वळायचं, आतली फेरी मारून मधल्या घरात पोचायचं. पण दारातून आत वळायला एक अट असते. वाटेत दुसऱ्या कुणाची तरी सोंगटी मारलेली हवी. तिला म्हणायचं तोड. तोड नसेल तर दार बंद. बाहेरच्या बाहेर पुन्हा फेरी.

दिपमालाला मारायला आवडायचं नाही. समोर सोंगटी असली आणि नेमकं दान पडलं, तर ती अर्धा मिनिट विचार करत बसायची. एकच सोंगटी असल्यावर चालणं तर भाग असतं. मग ती मारायची, पण नंतर दहा वेळा म्हणायची, "राग नको हं मानू." तिला दान मात्र असं पडायचंच कमी. म्हणून ती कायम बाहेर फिरत राहायची. आम्ही हसायचो. "दिपे, तुझा जन्म बाहेरच जाणार."

असं आम्ही म्हणायचो.

"दहाव्याले कावळा शिवला नही," अक्का म्हणाल्या.

हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तोंडावर आणलं नव्हतं. अंगणात खाटेवर नाना बसले होते, रुपचंद नाना. दरवर्षी आखाजीला पत्त्यांत पहिले आणि उठण्यात शेवटचे. यंदा गल्लीतून दोनदा हाक आली, तरी ते गेले नव्हते. ते तिथूनच म्हणाले, "काढू नको व ते आता."

"काढू दे." अक्का आमच्याकडेच बघत होत्या. "तापीच्या काठावर दोन घंटे उभे राहयले हे. हात जोडून. पोरीले आम्ही सांभाळू म्हनले. शिकवू म्हनले. तुह्ये दागिने तिचेच राहतीन म्हनले. जावाई म्हनले, मी दर रयवारी येईन पोरीकडे. आन येते बिचारा, खोटं नही बोलत मी. पन कावळा समोरच्या बाभळीवर बसेल व्हता. उतरला नही. मंग भटजीनं दर्भाचा कावळा करून शिववला." त्या थांबल्या. "मी तवापासून इचार करते. काय राहयलं आसंन माह्या लेकीचं? काय मांगत व्हती ती? मंग हे सापडलं."

त्यांनी कागदावरच्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"तिले घरात न्या. मी दुसरं काही मांगत नही तुमच्याजोडी."

मी मान खाली घातली. कागदावरचे ते दोन शब्द माझ्याकडे बघत होते. तोड नाही.

सोंगट्या डब्यातच होत्या. सुलक्षणाची सरकी, शाझियाचं बटण, तिच्या अब्बांच्या शिलाई मशीनच्या खणातलं, माझा चिंचोका, आणि दिपमालाच्या फुटलेल्या बांगडीचा हिरवा तुकडा, कडा घासून गुळगुळीत केलेला. आम्ही कागद बघून त्या मांडल्या. चौथ्या बाजूला चैतू मांडी घालून बसली. तिच्या आईसारखीच उजवा गुडघा जरा वर.

"मी टाकू आईचं?"

"टाक माय, तूच टाक," अक्का म्हणाल्या आणि खांबाला टेकून बसल्या.

चैतूनं कवड्या दोन्ही हातांत धरल्या, त्यांत फुंकर मारली आणि टाकल्या. ती फुंकर तिला कुणी शिकवली असेल? ती बघूनच सुलक्षणा उठली आणि पाणी पिऊन आली.

"दोन," चैतू म्हणाली. तिला मोजता येत होतं.

डाव सुरू झाला. पहिल्यांदा सगळे हात जड होते. मग सवयीनं जरा हलले. सुलक्षणाला सलग दोन चंग पडले तेव्हा ती विसरून ओरडली, "बठ्ठं माझंच शे आज!"

"आली, आली शिंदखेड्याची शे," शाझिया म्हणाली. "'सगळं' सोडून 'बठ्ठं'. पाच वर्षांत बोली पण बदलून टाकली सासूनं."

"आणि तू? 'मेरेकु' म्हणत होतीस मघाशी फोनवर."

"ते हसीबशी. नवऱ्याशी गोड बोलावं लागतं."

चैतू हसली. ती हसली म्हणून आम्हीही हसलो, आणि अंगणातली नानांची खाट करकरली. ते ऐकत होते.

थोड्या वेळानं चैतू आजीला काहीतरी विचारायला वळली तेव्हा शाझिया माझ्या कानाशी वाकली. "मी बटण तिच्या पुढ्यातच ठेवते. तीन घरं, चार घरं. मारू दे तिला. तू पण."

"मी कशी ठेवू?"

"का?"

माझा चिंचोका पुढे होता. गेल्या वर्षीच मी सुलक्षणाची सरकी मारली होती, माझी तोड झालेली होती. पहिल्याच दोन दानांत मी दारातून आत वळले. आतल्या फेरीत सोंगटी कुणाला सापडत नाही. मी निघाले होते सरळ मधल्या घराकडे.

"लबाडी करू नका व माय," खांबाकडून अक्का म्हणाल्या. त्यांना ऐकू गेलं होतं. "तिले लबाडीचं कधी चाललं नही. खरं खेळून गेली तरच ती जाईन."

शाझियानं जीभ चावली. मी झोळीची दोरी ओढली. बाळ हललं नव्हतं, तरी ओढली.

हिरवी काच दाराशी आली. तोड नव्हती. चैतूनं आत वळवायला हात नेला, आणि सुलक्षणानं तो हलकेच धरला. "नाही बेटा. अजून एक फेरी."

"कामून?"

"आईनं कुणाला मारलं नाही ना अजून."

चैतूला ते पटलं. तिनं काच पुन्हा बाहेरच्या वाटेला लावली.

अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं. गल्लीत पत्त्यांवरून भांडण पेटलं आणि विझलं. झोक्यावरच्या पोरी गाणं म्हणत होत्या, एक ओळ वर जाताना, एक खाली येताना. आणि मग नेमकं झालं. शाझियाचं बटण दोन घरं पुढे होतं, आणि चैतूच्या कवड्या पडल्या. दोन उताण्या, दोन पालथ्या.

"मार!" शाझिया म्हणाली. "मार माझं बटण. उचल!"

अक्का खांबापासून पुढे सरकल्या.

चैतूनं काच उचलली. बटणाकडे पाहिलं. शाझियाकडे पाहिलं. मग काच पुन्हा होती तिथंच ठेवली. "नको. शाझिया मावशी लांबून येते. जळगावहून."

"अगं, सोंगटी आहे ती. पुन्हा घरून निघते. मला काही होत नाही."

"नको," चैतू म्हणाली. दान सोडून दिलं तिनं. आईच्या वरताण.

अक्कांचा खालचा ओठ तेवढा हलला. त्यांनी घागरीकडे पाहिलं, आणि मी त्यांच्याकडे.

माझा चिंचोका तोवर मधल्या घराच्या शेजारी येऊन थांबला होता. आत जायला नेमकं एकचं दान हवं. एक कवडी उताणी, तीन पालथ्या. प्रत्येक वेळी कवड्या हातात घेताना मी मनात म्हणत होते, एक नको. दोन पडलं, वाया गेलं. तीन पडलं, वाया. चंग पडला. तोही वाया. हिरवी काच दुसरी फेरी घेऊन पुन्हा दाराशी आली आणि उभी राहिली.

मी कवड्या टाकल्या.

एक.

"गेली मयुरी आत," सुलक्षणा म्हणाली, पण आवाजात आनंद नव्हता. "घे. ने."

मी चिंचोका उचलला. अर्ध्या इंचावर मधलं घर होतं. हात पुढे जाईना.

मला गेल्या आखाजीची संध्याकाळ दिसत होती. हाच पाट, हीच ओसरी. माझा पाचवा महिना होता, दिवसभर ओकून मी कंटाळले होते, आणि जिंकायची मला नुसती हाव सुटली होती. चिंचोका दारापाशी पोचत आला होता. दिपमालाची काच तीन घरं मागे. तिनं फुंकर मारून कवड्या टाकल्या. एक कवडी घरंगळत माझ्या साडीच्या निरीखाली गेली. बाकीच्या दोन उताण्या, एक पालथी. सुलक्षणा आणि शाझिया रस्त्याकडे बघत होत्या, कारण नेमका दिपमालाच्या नवऱ्याच्या, स्वप्नीलच्या गाडीचा हॉर्न वाजला होता. मी निरी उचलली. कवडी पाटावरच होती. पाटाच्या कडेवर, पण पाटावर. उताणी.

तीन.

मी ती चटकन मुठीत घेतली आणि म्हणाले, "खाली पडली. खाली पडलेली धरायची नाही. पुन्हा टाक."

सुलक्षणा म्हणाली, "खाली पडली तर पुन्हा टाक, दिपे." आणि दिपमालानं पुन्हा टाकलं. एक पडलं. हॉर्न पुन्हा वाजला. ती उठली.

चिंचोका माझ्या बोटांत होता. बाळाच्या झोळीची दोरी अंगठ्याला काचत होती.

"अक्का," मी म्हणाले. "हा इथं असायलाच नको होता."

"काय?"

"चिंचोका. तो गेल्या वर्षीच मेलेला आहे. दिपमालानं मारला होता. तिची तोड झालेली आहे. मी... मी कवडी लपवली. खाली पडली असं सांगितलं. ती पाटावरच होती. तीन पडले होते तिला."

चैतू माझ्या बोटांतल्या चिंचोक्याकडे बघत होती.

"मयुरी!" सुलक्षणा म्हणाली.

शाझियानं तिच्या हातावर हात ठेवला.

अक्का उठल्या. माझ्यासमोर येऊन बसल्या, पाटाच्या पलीकडे. त्या रागावतील असं मला वाटलं, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तिले माहीत व्हतं?"

"हो."

"कसं काय?"

"तिनं पाहिलं होतं. निरी उचलली तेव्हा. माझ्याकडे बघून हसली."

"मंग? काय म्हनली?"

"सुलू आणि शाझिया तिची पिशवी गाडीत ठेवायला गेल्या होत्या. मी कागद लिहून तिला दिला. तिनं 'तोड नाही' वाचलं. माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, 'असू दे. पोटुशीशी काय भांडायचं? पुढच्या आखाजीला घेईन तुझी.'"

अक्कांचे खांदे खाली आले.

"आसू दे म्हनली," त्या हळू म्हणाल्या. "मंग हे नही राहयलं तिचं. तिनं आसू दे म्हनलं का ते मिटलं तिच्याकडून. लहानपनापासून तशीच व्हती." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "मंग काय राहयलं व माय? काय राहयलं तिचं?"

अंगणात नाना उठून उभे राहिल्याचा आवाज आला. पण ते आत आले नाहीत.

अक्कांना इतक्या दिवसांनी सापडलेलं एक उत्तर मी काढून घेतलं होतं. त्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी म्हटलं, "माफ करा अक्का." ते इतकं तोकडं होतं की माझं मलाच ऐकवेना.

त्यांनी डोळे पुसले. कॅलेंडरचं पान माझ्याकडे सरकवलं. "लिही."

"काय?"

"खरं हाय ते लिही. कागदावर खोटं नको राहू देऊ तिच्या नावानं."

चैतूचा स्केचपेन तिथंच पडला होता. हिरवा. मी 'नाही' खोडलं आणि लिहिलं, 'तोड झाली.' अक्षर पहिल्यासारखं आलं नाही.

मग मी चिंचोका उचलून माझ्या बाजूच्या पहिल्या घरात परत ठेवला, जिथून सोंगटी निघते. चैतू बारकाईनं बघत होती.

"तू मेली का मावशी?"

"माझी सोंगटी मेली. आता ती पुन्हा घरून निघेल. आणि तुझ्या आईला दारातून आत जाता येईल."

"आता?"

"आता."

ती पाटावर इतकी वाकली की तिच्या वेण्या घरांवर आल्या. फुंकर मारली. कवड्या टाकल्या. हिरवी काच दारातून आत वळली.

मग डाव पुढे चालला. सुलक्षणानं आपलं दान टाकलं, शाझियानं आपलं, मी माझं. माझा चिंचोका दोन घरं चालला, मग तीन. कुणी मुद्दाम काही केलं नाही. अक्कांनी तसं करू दिलं नसतं. अंधारून आलं तेव्हा नाना आत आले, विजेचा दिवा लावला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. आम्ही खेळताना ते इतक्या जवळ पहिल्यांदाच बसले. त्यांनी कोरीव रेघांवरून एकदा अंगठा फिरवला. कुसळं अजून लागत नव्हती.

काच मधल्या घरापासून दोन घरांवर आली. तीन पडलं, वाया. एक पडलं, काच सरकली. आता एकच. अष्टा पडला, वाया.

"घाई नको करू," नाना म्हणाले. "हळू टाक बाप्पा."

चैतूनं कवड्या हातात घेतल्या. या वेळी तिनं त्या आजीपुढे धरल्या. अक्कांनी वाकून फुंकर मारली. मग तिनं त्या नानांपुढे धरल्या. मग आमच्या तिघींपुढे, एकेकीपुढे. सगळ्यांची फुंकर घेऊन तिनं टाकल्या.

तीन पालथ्या. चौथी फिरत राहिली, फिरत राहिली, आणि उताणी पडली.

"एक," चैतू म्हणाली.

तिनं काच उचलली आणि मधल्या घरात ठेवली. बरोबर मध्यभागी, बोटानं नीट करून.

शाझिया रडायला लागली, आवाज न करता. सुलक्षणानं तिला जवळ घेतलं. नानांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. अक्का घागरीजवळ गेल्या, तिच्या गळ्यातलं सूत उगाच सारखं केलं आणि म्हणाल्या, "पोचली." पण ते विचारल्यासारखं होतं. मग त्या आत देवापाशी दिवा लावायला गेल्या आणि लवकर बाहेर आल्या नाहीत.

झोळीत बाळ चुळबुळलं. मी दोरी ओढली. चैतू अजून पाटाशीच होती, हनुवटी कडेवर टेकवून, डोळे हिरव्या काचेच्या अगदी जवळ. तिला भूक लागली असेल, तिला सांजोरी द्यावी, असं मी म्हणणार होते.

"मावशी."

"काय गं?"

"तुझा चिंचोका मेला, तरी परत घरून निघाला ना?"

"हो."

"चालत पन होता."

"हो, चालत होता."

"मंग आत गेली ती परत कधी निघते?"

मी सुलक्षणाकडे पाहिलं. ती दाराकडे बघत होती. नाना टोपीच्या घडीवरून बोट फिरवत होते. झोळी थांबली होती, आणि मला दोरी ओढायचं सुचत नव्हतं.

चैतूनं काचेवर बोट ठेवलं, उचलली नाही, नुसतं ठेवलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"निघतच नही का? मंग आपन तिले आत कामून नेलं?"